वजन, कंबर आणि मान : दुखण्याने अडलेली कामे पुन्हा सुरू करताना

कंबर किंवा मान सहा-सहा महिने दुखत आहे आणि वजनही वाढलेले आहे, अशा माणसाला दवाखान्यातून बाहेर पडताना बहुधा एकच सल्ला मिळतो : ‘आधी वजन कमी करा, मग बघू.’ फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करू लागल्यावर पहिली काही वर्षे मीही हेच वाक्य चिठ्ठीच्या शेवटी लिहीत असे. ते वाक्य खोटे नाही. पण ते अर्धवट आहे आणि त्यातला क्रम चुकीचा आहे, हे मला रुग्णांनी शिकवले. कंबर दुखते म्हणून ज्याला दहा मिनिटे सलग चालता येत नाही त्याने वजन उतरवायचे कसे, आणि ते उतरेपर्यंतचे सहा-आठ महिने त्याची अडलेली कामे कोणी करायची, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या वाक्यात नव्हती. पुढे जे लिहिले आहे ते या दोन प्रश्नांसाठी आहे, आणि त्यातला क्रम उलटा आहे : अडलेली कामे आणि हालचाल आधी, वजन त्यांच्या सोबतीने.

दुखणे आणि अडणे

‘अक्षमता’ हा शब्द वाचला की आपल्या डोळ्यांसमोर दिव्यांग प्रमाणपत्र येते. इथे तो अर्थ नाही. दुखण्यामुळे रोजचे काम किती अडते, एवढाच इथला अर्थ आहे. मोरीत ओणवे होऊन कपडे घासता येतात का, एसटीत उभ्याने प्रवास करता येतो का, रात्री कूस बदलताना जाग येते का, दुचाकीवर मागे वळून बघता येते का, या गोष्टी म्हणजे अक्षमता. दोन माणसांचे दुखणे सारखेच असू शकते आणि तरी एकाचे दुकान रोज उघडते, तर दुसऱ्याचे महिनाभर बंद राहते. वजनाचा संबंध पाहताना हा फरक पक्का धरून ठेवावा लागतो, कारण वाढलेले वजन ‘किती दुखते’ यापेक्षा ‘किती अडते’ यात अधिक स्पष्ट दिसते, असा माझा अनुभव आहे.

जगभरातील आजारांच्या भाराचा जो मोठा अभ्यास नियमितपणे होतो, त्यानुसार २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि सुमारे २० कोटी ३० लाख लोकांना मानदुखी होती. अक्षमतेत घालवलेली वर्षे मोजली तर कंबरदुखी कित्येक वर्षांपासून जगात पहिल्या क्रमांकावर आहे. कंबरदुखीमुळे येणाऱ्या अक्षमतेपैकी साधारण ३९ टक्के भाग तीन टाळता येण्याजोग्या कारणांशी जोडलेला आढळला : कामाच्या ठिकाणचा शारीरिक ताण, धूम्रपान आणि वाढलेले वजन. म्हणजे वजन हे तिघांपैकी एक कारण आहे, एकमेव नाही. ज्यांच्या कंबरेचा सगळा दोष घरचे लोक त्यांच्या पोटावर ढकलतात, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

वजनाचा संबंध नेमका कुठे लागतो

पहिला संबंध भाराचा आहे, आणि तो तराजूच्या दांडीसारखा समजून घेता येतो. कंबरेचा मणका हा मधला टेकू. पाठीचे स्नायू या टेकूच्या मागे साधारण ५ सेंटीमीटरवर ओढ देतात. पोटावर वाढलेली १० किलो चरबी टेकूच्या पुढे २० सेंटीमीटरवर आहे असे धरले, तर तिला तोलण्यासाठी मागच्या स्नायूंना तिच्या चौपट, म्हणजे ४० किलोइतकी ओढ लावावी लागते, आणि मणक्यांमधल्या गादीवर या दोन्हींची बेरीज येते. हा अगदी ढोबळ हिशेब आहे. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. तेच १० किलो मांड्यांवर असते तर कंबरेला एवढे जाणवले नसते. म्हणून एकूण वजनाइतकाच पोटाचा घेर पाहावा लागतो.

याचाच दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात ७० किलो वजनाच्या एका माणसाच्या कंबरेच्या गादीत दाब मोजण्याची सुई बसवून दिवसभरातल्या वेगवेगळ्या स्थितींमधला दाब मोजला होता. पालथे पडल्यावर तो ०.१ मेगापास्कल (हे दाबाचे एकक), सहज उभे राहिल्यावर ०.५, पाठ वाकवून २० किलो उचलताना २.३, आणि तेवढेच ओझे छातीपोटाशी धरल्यावर १.१ भरला. ओझे अंगाजवळ असले की दाब निम्म्यावर येतो, हा त्यातला कामाचा धडा. पण पोटाचा घेर मोठा असलेल्या माणसाला ओझे अंगाजवळ घेताच येत नाही. पाण्याची कळशी असो की तांदळाची पिशवी, ती पोटाच्या पुढे अडते आणि मणक्यापासून वीतभर लांब राहते. ‘ओझे जवळ धरा’ हा सल्ला त्याला नीट पाळता येत नाही. त्याचे काम अडते ते असे.

तरीही भार हीच सगळी गोष्ट असती, तर गोणी वाहणाऱ्या प्रत्येक हमालाची कंबर तरुणपणीच कायमची धरली असती. तसे होत नाही, कारण हाडे, स्नायू आणि गाद्या हळूहळू वाढणाऱ्या भाराला सरावतात. दुसरा संबंध चरबीच्या स्वभावाचा आहे. पोटातील चरबी हा निपचित पडलेला साठा नसतो. ती रक्तात दाह वाढवणारी द्रव्ये सोडत राहते, आणि असा सौम्य पण सततचा दाह मज्जातंतूंना अधिक हळवे करतो असे मानले जाते. प्रौढ वयात मणक्यातील गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिला लागणारे अन्न आजूबाजूच्या हाडांतून झिरपत येते, त्यामुळे तिची झीज सहज भरून निघत नाही. दक्षिण चिनी लोकसंख्येतील २,५९९ जणांच्या एमआरआयवर आधारलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या हाँगकाँगच्या अभ्यासात वजन जितके जास्त तितकी गाद्यांची झीज अधिक आढळली.

मात्र झीज दिसली म्हणजे दुखणारच, असे नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय पाहिले, तर विशीतल्या सुमारे ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या सुमारे ९६ टक्के लोकांत गादीची झीज सापडते. म्हणून अहवालातली ‘गादी फुगली’, ‘मणका झिजला’ ही वाक्ये वाचून चालणे बंद करणाऱ्यांना मी पोटतिडकीने सांगते, की वयाबरोबर केस पिकावेत तशी ही झीज बहुतेकांमध्ये येते.

संबंध किती मोठा आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. ३३ अभ्यास एकत्र करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात लठ्ठ व्यक्तींमध्ये दीर्घकाळ कंबरदुखी असण्याची शक्यता, सर्वसाधारण वजनाच्या व्यक्तींच्या तुलनेत, सुमारे १.४ पट आढळली, आणि स्त्रियांमध्ये हा संबंध अधिक ठळक होता. १.४ पट म्हणजे दुर्लक्ष करावे इतके कमी नाही, आणि सगळा दोष वजनाला द्यावा इतके जास्तही नाही. मानेच्या बाबतीत हा संबंध आणखी सैल आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

तिसरा संबंध उलट दिशेने जातो, आणि माझ्या मते उपचाराच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कंबर दुखली की माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने स्नायू उतरतात आणि पोट वाढते, उतरलेल्या स्नायूंना वाढलेले अंग पेलत नाही, त्यामुळे थोड्या कामानेही दुखते, आणि मग तो आणखी बसतो. या चक्रात शिरायची सर्वांत सोपी जागा हालचाल ही आहे, वजन नव्हे. कारण हालचाल आज सुरू करता येते.

सुरुवातीला काय मोजावे

एक साधी वही घ्यावी. पहिल्या पानावर दुखण्यामुळे अडलेली तीन ते पाच कामे स्वतःच्या शब्दांत लिहावीत आणि प्रत्येकापुढे ० ते १० यांपैकी एक आकडा मांडावा. ० म्हणजे अजिबात जमत नाही, आणि १० म्हणजे दुखणे सुरू होण्यापूर्वी जमत होते तसे जमते. कॅनडातील फिजिओथेरपीच्या संशोधकांनी १९९५ साली मांडलेली ही पद्धत आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. कामे नेमकी लिहावीत. ‘घरकाम’ असे लिहून उपयोग नाही. ‘दहा भाकऱ्या होईपर्यंत ओट्याशी उभे राहणे’ असे लिहावे. दर दोन आठवड्यांनी, मागचे आकडे न पाहता, नवे आकडे मांडावेत. सरासरीत दोन गुणांची वाढ झाली, तर ती खरी सुधारणा समजावी.

माझ्याकडे आलेल्या, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एका बाईंच्या वहीचे पहिले पान मला अजून आठवते. उंची १५४ सेंटीमीटर, वजन ७८ किलो, घेर १०२ सेंटीमीटर. त्यांनी तीन कामे लिहिली होती : भाताचे मोठे पातेले शेगडीवरून उतरवणे, पाटावरून उठणे, आणि बसची पहिली पायरी चढणे. आकडे होते ३, २ आणि ४. पाटावरून उठताना त्या आधी उजवा हात ओट्याच्या कडेवर टाकत, श्वास रोखत, आणि अर्धवट उठल्यावर क्षणभर तशाच थांबत; तो रोखलेला श्वास आणि ते थांबणे मला त्यांच्या एमआरआयपेक्षा जास्त सांगून गेले.

डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट याहून सविस्तर प्रश्नावली देऊ शकतात. कंबरेसाठी इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री गावच्या अस्थिरोग रुग्णालयात तयार झालेली आणि १९८० साली प्रसिद्ध झालेली दहा विभागांची प्रश्नावली जगभर वापरतात. तिचा निकाल टक्क्यांत येतो : २० पर्यंत किरकोळ, २१ ते ४० मध्यम, ४१ ते ६० तीव्र अक्षमता. दहा गुणांचा फरक हा लक्षणीय मानतात. तिची मराठी आवृत्ती आहे, ती मागून घ्यावी. मानेसाठी तशीच ५० गुणांची प्रश्नावली १९९१ पासून वापरात आहे आणि तिच्यात वाचन, डोकेदुखी, एकाग्रता, वाहन चालवणे असे मानेशी निगडित विभाग आहेत.

दुसऱ्या पानावर शरीराची मापे लिहावीत. वजन सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी, आठवड्यातून एकदाच करावे. रोज काट्यावर उभे राहिल्याने पाण्याचे चढउतार दिसतात आणि मन खचते. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. त्या बाईंचा तो सुमारे ३३ होता. भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे कमी बीएमआयलाही पोटावर चरबी असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील साधारण २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष २५ च्या वर होते.

घेर मोजायला शिंप्याकडे असते तशी कापडी टेप लागते. सरळ उभे राहून कुशीत शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपावी, त्या दोहोंच्या मधोमध टेप जमिनीला समांतर गुंडाळावी, श्वास सहज सोडावा आणि पोट आत न ओढता आकडा वाचावा. परकराची नाडी किंवा पॅन्टचा पट्टा जिथे बसतो ती जागा मोजली, तर मोठे पोट असलेल्यांचा आकडा हमखास कमी येतो. पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त घेर असेल, तर तो कमी करण्यावर काम करायला हवे.

आधी डॉक्टर गाठावा अशी लक्षणे

पुढील लक्षणांपैकी एकही असेल, तर व्यायाम सुरू करण्यापूर्वी तपासणी करावी. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, बसायच्या जागेला बधिरपणा येणे, दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने कमी होणे, ही तातडीची लक्षणे आहेत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. संध्याकाळी येणारा ताप, रात्रीचा घाम, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग, दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड, आणि हातांतून वस्तू निसटण्यासोबत चालताना तोल जाणे हीही लक्षणे अंगावर काढू नयेत.

वजनाच्या विषयात एक धोक्याची खूण हमखास नजरेतून सुटते, म्हणून ती वेगळी सांगते. काही प्रयत्न न करता वजन उतरत आहे आणि पाठ दुखत आहे, तर अभिनंदन स्वीकारू नये, तपासणी करावी. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही आढळतो आणि तो पुष्कळदा असाच सुरू होतो. सरकारी रुग्णालयांत क्षयरोगाची तपासणी आणि उपचार दोन्ही मोफत होतात. तसेच वजन फार कमी असलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये हाडे ठिसूळ होऊन मणका दबण्याचा धोका असतो. ‘बारीक आहे म्हणून कंबर सुरक्षित’ असे नसते.

चालणे आणि ताकद

चालण्याची सुरुवात मिनिटांवर करावी, अंतरावर किंवा पावलांवर नको. दोन-तीन दिवस, दुखणे वाढायला लागेपर्यंत किती मिनिटे चालता येते ते पाहावे, आणि त्याच्या तीन-चतुर्थांश वेळेपासून आरंभ करावा. बारा मिनिटे जमत असतील तर नऊ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. दर आठवड्याला दोन मिनिटे वाढवावीत. चालताना थोडे दुखले तर थांबायची गरज नसते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वपदावर आले तर मात्रा बरोबर आहे, नाही आले तर मागच्या आठवड्याच्या वेळेवर परत यावे. बरे वाटले त्या दिवशी तासभर चालायचे आणि पुढचे चार दिवस अंथरुणात काढायचे, हा घोळ बहुतेकांचा होतो, आणि सुधारणा त्यातच अडकते. म्हणून चांगल्या दिवशीही ठरलेल्या मिनिटांवर घरी परतावे.

ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर केलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेल्या लोकांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटांच्या चालण्यापर्यंत नेले. ज्यांना हे मार्गदर्शन मिळाले त्यांच्यातल्या निम्म्यांची कंबर पुन्हा दुखू लागेपर्यंतचा काळ, म्हणजे मध्यक, २०८ दिवस होता. इतरांचा ११२ दिवस.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरतात, पण ते जड शरीराला जमतील असे निवडावे लागतात. जमिनीवर सतरंजी टाकून करायचे व्यायाम चिठ्ठीवर लिहून दिले, की ज्याला जमिनीवरून उठताच येत नाही तो माणूस दुसऱ्या दिवशी ते सोडून देतो. म्हणून पलंग, खुर्ची आणि ओटा वापरावा. भिंतीला टेकवलेल्या टणक खुर्चीवरून हात न लावता उठणे-बसणे हा पहिला व्यायाम; जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी आणि दोन आठवड्यांनी ती काढावी. ओट्याच्या कडेवर हात ठेवून तिरके दंड हा दुसरा. पलंगावर उताणे पडून, गुडघे दुमडून, कंबर वर उचलून पाच मोजेपर्यंत धरणे हा तिसरा. चौथा म्हणजे ओट्याला धरून टाचा उचलणे. प्रत्येकी आठ-आठ वेळा, दोन फेऱ्या, श्वास न रोखता. याचे प्रमाण वाढले की वहीतल्या कामांकडे थेट वळावे. पातेले उतरवायचे असेल तर आधी रिकामे पातेले, मग दोन लिटर पाणी घातलेले, मग चार लिटर, असा सराव करावा. पोट मोठे असेल तर पातेल्यासमोर सरळ उभे राहण्याऐवजी एक पाऊल पुढे टाकून किंचित तिरके उभे राहावे; पातेले पोटाच्या बाजूने कुशीजवळ येते आणि मणक्यापासूनचे अंतर कमी होते. बायका कळशी कडेवर घेत आल्या आहेत त्यामागे हाच हिशेब आहे.

कमरेचा पट्टा रोज बांधून ठेवण्याचा सल्ला मी देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही पट्टे आणि वजन लावून मणका ताणण्याचे उपचार बहुतेकांसाठी नाकारले आहेत.

स्वयंपाकघरातले काम

चालण्याने कंबर सुधारते, पण केवळ चालण्याने वजन फारसे उतरत नाही. ते काम स्वयंपाकघरात होते. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ टक्के हे लक्ष्य पुरेसे आहे. ७८ किलोच्या माणसासाठी ते सुमारे ४ किलो भरते. महिन्यात दहा किलो उतरवणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे, कारण घाईने उतरलेल्या वजनात स्नायूही जातात, आणि कंबरेला तर स्नायूच हवे असतात.

पहिली मोजणी तेलाची करावी, कारण ती महिन्यातून एकदाच करावी लागते. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल, म्हणजे जवळजवळ ३४० कॅलरी जातात. बाहेरचे वडे आणि फरसाण यांतले तेल वेगळे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुचवलेल्या २,००० कॅलरींच्या दिवसाच्या ताटात तेल-तूप सुमारे २७ ग्रॅम आहे. महिन्याला साडेतीन लिटरवर आले की घर त्या मापात बसते आणि प्रत्येकाच्या रोज १०० कॅलरी वाचतात. फोडणीसाठी बाटली न ओतता चमचा वापरणे एवढ्यानेही बरेच साधते. दुसरी मोजणी चहाची. चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे रोज साधारण ४० ग्रॅम. ती दर आठवड्याला अर्ध्या चमच्याने कमी केली तर जीभ कुरकुरत नाही.

त्याच ताटात भाज्या ४०० ग्रॅम आणि डाळी, कडधान्ये, अंडी, मासे-मटण मिळून ८५ ग्रॅम आहेत. आपल्या बहुतेक घरांत पोळी-भात या मापापेक्षा जास्त आणि वरण पातळ असते. वरण घट्ट करावे, मोड आलेली मटकी किंवा मूग रोजच्या जेवणात आणावेत, दही किंवा ताक जोडीला असावे. उपवासाची साबुदाणा खिचडी, तूप आणि दाण्याचा कूट यांमुळे, एरवीच्या जेवणापेक्षा हलकी नसते. उपवास करायचाच असेल तर भगर-आमटी थोडी आणि ताक, काकडी, फळे जास्त असा बेत ठेवावा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण कमी करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, नाहीतर साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांविषयीही निर्णय त्यांच्याकडेच सोपवावा.

वजन थोडेच उतरले म्हणून निराश होणाऱ्यांसाठी एक आकडा सांगते. ऑस्ट्रेलियातच ३४६ जणांवर केलेल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कंबरेच्या नेहमीच्या उपचारांबरोबर वजन, आहार, हालचाल, झोप आणि धूम्रपान यांवर काम केले गेले. २६ आठवड्यांनी तुलनेच्या गटापेक्षा वजन केवळ १.६ किलो जास्त उतरले होते, पण २४ गुणांच्या मोजपट्टीवर अक्षमताही १.३ गुणांनी कमी झाली होती. फरक मोठा नाही. तरी तो मिळवायला वजन बरेच उतरण्याची वाट पाहावी लागली नाही.

मानेसाठी वेगळे काय

मानेवर पोटाचा भार थेट येत नाही, त्यामुळे इथे वजनाचा मार्ग आडवाटेचा आहे. पोट पुढे आले की पाठ तोल सावरण्यासाठी मागे झुकते आणि डोके पुढे येते. स्तनांचा भार जास्त असलेल्या स्त्रियांच्या खांद्यांत पट्टे रुतून मान भरून येते. रुंद पट्ट्यांची, मापाची अंतर्वस्त्रे घेतल्याने यांतल्या कित्येकींना महिन्याभरात फरक जाणवतो. सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे झोप. मानेभोवती चरबी वाढलेल्या माणसाचा श्वास झोपेत अडखळतो, तो जोरात घोरतो, सकाळी डोके जड असते आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागते. अपुऱ्या झोपेत दुखणे जास्त जाणवते. घरचे लोक ‘घोरताना मध्येच श्वास थांबतो’ असे सांगत असतील, तर मानेच्या व्यायामाबरोबरच झोपेची तपासणी करून घ्यावी. उशी, खांद्याची रुंदी भरून निघेल एवढ्या जाडीची असावी. कुशीवर झोपणाऱ्या जाड माणसाला पातळ उशी पुरत नाही. दर अर्ध्या तासाने संगणकापासून उठणे, हनुवटी किंचित मागे ओढून पाच मोजणे, आणि रबरी पट्टा किंवा पाण्याच्या बाटल्या घेऊन खांद्यांची ताकद वाढवणे, एवढे पुरे.

पुन्हा उसण भरली तर

सहा महिन्यांत एकदा तरी भरेल, हे गृहीत धरावे. त्या बाईंची चौथ्या महिन्यात, गणपतीच्या गर्दीत भरली. अशा वेळी पहिले एक-दोन दिवस कामे कमी करावीत, पण अंथरुण धरू नये. जागेपणी दर तासाला घरातल्या घरात दोन-तीन मिनिटे चालावे, शेक घ्यावा, आणि डॉक्टरांनी पूर्वी सांगितलेली वेदनाशामके त्यांच्याच मर्यादेत घ्यावीत. जमेल तसे चालणे निम्म्या मिनिटांपासून सुरू करावे. व्यायाम चुकले म्हणून जेवण सोडू नये आणि कंटाळून जास्तही खाऊ नये. दोन आठवड्यांत उतार पडला नाही किंवा दुखणे पायात उतरू लागले, तर दाखवून यावे. वहीत त्या आठवड्यापुढे ‘उसण’ एवढेच लिहावे आणि पुढच्या ओळीपासून आकडे मांडणे चालू ठेवावे. त्या बाईंच्या वहीत सहाव्या महिन्याअखेर वजन ७४.५ किलो आणि घेर ९७ सेंटीमीटर आहे. त्याखाली पातेले, पाट आणि बसची पायरी यांच्यापुढे ७, ६ आणि ८ असे आकडे आहेत, आणि चौथे काम त्यांनी स्वतःहून जोडले आहे : पंढरपूरच्या दर्शनबारीत उभे राहणे.